पदराच्या गाठीतली चिठ्ठी

लीलाबाईंना सगळं तोंडपाठ होतं, आणि खरी गोम तिथंच होती.

तासगावच्या लुथरन ख्रिस्ती मंडळीत दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना त्यांच्यासारखी कुणी म्हणत नसे. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात प्रत्येक ओळीमागून 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न यायचा. भल्याभल्यांची तिथं बोबडी वळे, पण लीलाबाईंचं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार असे. रविवारी त्या गीतांचं पुस्तक दोन्ही हातांत धरून उभ्या राहत. शेजारीण पान उलटायची, तेव्हा त्याही उलटत. पुठ्ठ्यावरचा क्रूस वरच्या अंगाला आहे एवढं बघितलं, की पुस्तक उलटं धरलं जायची भीती नव्हती. "लीलाबाईंएवढं शास्त्र कुणी वाचलं न्हाई," असं मंडळीतले लोक एकमेकांना सांगायचे. साठी उलटली तरी बाईंनी त्यांना कधी अडवलं नाही. लहानपणी शेरडांमागं गेलेल्या बाईंना एकही अक्षर वाचता येत नव्हतं. हे मंडळीत एकट्या मनोरमाबाईंना, म्हणजे जुन्या पाळकसाहेबांच्या बायकोला ठाऊक होतं. आणि पाळकसाहेबांची बदली झाल्यामुळं मनोरमाबाई गेल्या जूनमध्येच कोरेगावला गेल्या होत्या.

दरवर्षी मे महिन्यात मुलांचं पाच दिवसांचं शिबिर भरायचं. साताऱ्याची एक संस्था ते चालवायची आणि कोरेगाव, आटपाडी, तासगाव या तीन मंडळ्यांनी पाळीपाळीनं यजमान व्हायचं. वाटणी ठरलेली होती. गाणी, गोष्टी आणि वेळापत्रक संस्थेचं, जागा आणि जेवण मंडळीचं. घराघरातल्या बाया रोज स्वयंपाकाला बसताना एक मूठ ज्वारी देवाच्या डब्यात टाकायच्या. वर्षभराची ती मूठमूठ दळून आणली, की शिबिराच्या भाकरीचा प्रश्न मिटायचा. यंदा पाळी तासगावची होती. शिबिर कुठंही भरो, चुलीपाशी लीलाबाई असायच्याच, पण आपल्या गावचं शिबिर म्हटल्यावर त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं होतं.

जागा मिळाली ती रहिमानभाईंची. त्यांची बेदाण्याची शेड हंगाम संपल्यामुळं रिकामी पडली होती. "एकतीस मेपर्यंत तुमचीच समजा," म्हणून त्यांनी किल्ली नव्या पाळकांच्या, जयराजसाहेबांच्या हातात दिली आणि रोज सकाळी पाण्याचा टँकर घेऊन स्वतः यायला लागले. ते लीलाबाईंना "सलाम" म्हणायचे, लीलाबाईही "सलाम" म्हणायच्या, आणि दोघांनाही यात काही नवल वाटत नव्हतं. शेडमध्ये पोरं द्राक्षं वाळवायच्या जाळ्यांच्या रॅकखाली सतरंज्या टाकून झोपायची. जमीन गोडानं चिकट झालेली आणि मुंग्या कायमच्या मुक्कामाला. तरी जाळीत अडकलेला एखादा बेदाणा सापडला की पोरांना खजिना मिळाल्यासारखं व्हायचं.

शिबिराची प्रमुख होती साताऱ्याची क्रांती. वय सव्वीस, गळ्यात शिट्टी, हातात यादी. मनानं चांगली मुलगी, पण वेळापत्रकाला जरा जास्तच भ्यायची. पहिल्याच दुपारी तिनं सगळ्यांना गोल बसवलं आणि प्लास्टिकची बरणी मधोमध ठेवली.

"बरणीत एक्केचाळीस नावं आहेत. तेहेतीस मुलं, आठ मोठी माणसं. प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव येईल त्याचे तुम्ही गुपित मित्र. पाच दिवस त्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याला कळू न देता त्याचं एखादं काम करायचं. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. स्वतःचंच नाव आलं तर घडी करून परत टाकायची. आणि शेवटच्या दिवशी ज्याच्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. कळलं का?"

"व्हय!" पोरं ओरडली.

हा खेळ लीलाबाईंना नवा नव्हता. दरवर्षी त्या चिठ्ठी उचलायच्या आणि भांड्यांच्या आडोशाला मनोरमाबाई ती त्यांच्या कानात वाचून दाखवायच्या. यंदा कोरेगावच्या पोरांबरोबर मनोरमाबाई आल्या नव्हत्या. बरणी समोर आली तेव्हा लीलाबाईंनी चिठ्ठी उचलली, उघडली, इतरांसारखीच गंभीरपणे बघितली, मान डोलावली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकली. 

आता विचारायचं कुणाला? नव्या पाळकसाहेबांना विचारावं, तर तेच आदल्या रविवारी मुलांना म्हणाले होते, "लीलामावशींसारखं वाचन ठेवा." पोरांना विचारावं, तर त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. रहिमानभाई बाहेरचे खरे, पण तो माणूस बेदाण्याच्या सौद्यात दिवसभर ओरडून भाव सांगणारा. त्यांना हळू बोलता येतं की नाही याचीच लीलाबाईंना शंका होती. एवढ्या वर्षांचा मान पोरांसोरांपुढं मातीत जाणार, या विचारानं त्या दिवशी आमटीत त्यांनी दोनदा मीठ टाकलं.

"आमटी खारट हाय," आटपाडीचा शिवतेज म्हणाला. "याचा अर्थ काय?"

शेड हसून हसून दणाणली. त्या दिवसापासून शिबिरात कशालाही 'याचा अर्थ काय?' विचारायची टूम निघाली.

पण भाकऱ्या थापता थापता लीलाबाईंना वाट सापडली, आणि ती कुठल्याही वाचणाऱ्या माणसाला सुचली नसती. नाव कुणाचं हे कळत नाही ना? मग सगळ्यांचंच करावं. चाळीस जणांतलं एकही सोडायचं नाही, म्हणजे आपलं जे असेल ते त्यात येईलच. आणि शेवटच्या दिवशी काय करायचं, तेही त्यांनी ठरवून टाकलं. आपण चुलीपाशीच थांबायचं, सगळ्यांच्या मागून जायचं. तोवर बाकीच्यांचे मित्र उघड झालेले असतील. ज्याला कुणीच मिळालं नसेल ते आपलं. चिठ्ठीकडं बघत त्याचं नाव घ्यायचं की झालं. लीलाबाई स्वतःशीच खुदकन हसल्या. एवढी अक्कल आपल्याला असताना शाळेत जाऊन अजून काय मिळालं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग त्यांनी पदर खोचला. शिवतेज पहिल्या रात्री घरच्या आठवणीनं रडला होता, तर सकाळी त्याच्या उशाखाली गूळ लावलेला भाकरीचा पापुद्रा निघाला. कोरेगावची सुवार्ता वांग्याला तोंड लावत नव्हती, तिच्या ताटात न सांगता मटकी यायला लागली. कुणाच्या सदऱ्याला गुंडी बसली, कुणाच्या पायातला काटा निघाला, पाळकसाहेबांचा घसा बसला तर त्यांच्यापुढं सुंठ-ओव्याचा काढा आला. क्रांतीच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिला दुसऱ्या दिवशी शिवलेला मिळाला. आणि पहाटे भाकऱ्या थापताना लीलाबाई एकेका भाकरीवर एकेक नाव घ्यायच्या. "देवा, शिवतेजला घर आठवू दे, पन रडू येऊ देऊ नको." थाप. "देवा, त्या क्रांतीला जरा हसू दे." थाप. हजेरीची यादी दोनदा कानावर पडली तेवढ्यात त्यांना नावं पाठ झाली होती. चाळीस भाकऱ्यांवर चाळीस नावं. एक्केचाळिसावी तव्यावर टाकताना घेण्यासारखं नाव उरत नसे. ती त्यांची स्वतःची भाकरी.

क्रांतीची मात्र चिडचिड होत होती. "मावशी, शांत वेळेत मुलांना खाऊ का देताय? वेळापत्रक बिघडतंय."

"पोटात कावळं कोकलत आसताना शांत वेळ कशी व्हायची, ताई?" लीलाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता तिच्याही हातावर शेंगदाणे ठेवून गेल्या.

पाचव्या दिवशी दुपारी चारला शेवटची बैठक बसली. पाचला गाड्या निघायच्या होत्या. रहिमानभाई शेडची किल्ली घ्यायला आले होते, ते दारातच टेकले. लीलाबाई बाहेर शिदोरीचे लाडू वळत होत्या, कान मात्र आत.

प्रत्येकानं आधी आपला गुपित मित्र ओळखायचा होता. सुवार्ता पहिली उठली.

"लीलामावशी!"

"चूक," म्हणत भलताच कुणीतरी उठला आणि सुवार्ताच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून बसला. मग शिवतेज उठला. "लीलामावशी!" तेही चूक. तिसरा, चौथा, दहावा. एकजात सगळी पोरं लीलामावशींचं नाव घ्यायला लागली. पाळकसाहेबसुद्धा काढ्याच्या भरवशावर तेच म्हणाले आणि चुकले. क्रांतीची पाळी आली तेव्हा तिनं एकदा चपलेकडं बघितलं आणि पुटपुटली, "लीलामावशी." पोरांनी टाळ्या पिटल्या, कारण तिचा गुपित मित्र निघाला शिवतेज.

शेवटी क्रांतीनं हाक मारली. "मावशी, या आता. तुमचीच चिठ्ठी राहिली."

लीलाबाई हात पुसत आत आल्या. गाठ सोडून त्यांनी चिठ्ठी हातात धरली, ऐटीत घसा खाकरला आणि विचारलं, "कोन ऱ्हायलंय? ज्येला कुनी गावलं न्हाई त्येनं हात वर करा बघू."

एकही हात वर झाला नाही.

"आरं, नीट बघा. कुनीतरी आसंलच."

"सगळ्यांचं झालं, मावशी," यादीवर बोट फिरवत क्रांती म्हणाली. "चाळीसच्या चाळीस. मग तुमच्याकडं कुणाचं नाव आहे? वाचा ना."

लीलाबाईंनी चिठ्ठी उलगडली. त्या चिठ्ठीकडं बघत राहिल्या. कागदावर काळ्या मुंग्या बसल्यासारख्या दिसत होत्या, त्यांतली एकही ओळखीची नव्हती. शेजारी बसलेल्या सुवार्तानं मान उंच करून चिठ्ठीत डोकावलं आणि ती किंचाळली, "लीलाबाई! लीलाबाई लिहिलंय! मावशी, तुमचंच नाव हाय की ओ!"

पोरं खो खो हसायला लागली. क्रांतीच्या कपाळावर आठ्या चढल्या. "मावशी, स्वतःचं नाव आलं तर परत टाकायचं, असं मी सांगितलं होतं ना? पाच दिवस तशीच ठेवलीत?"

आणि शिवतेजनं सवयीनं विचारलं, "याचा अर्थ काय?"

"चष्मा नव्हता" म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. "इसरले" म्हटलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नसतं. पण या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायची लीलाबाईंच्या जिभेला सवय नव्हती. इतक्या वर्षांत तो प्रश्न आला, की खरं तेच बाहेर पडत आलं होतं.

"याचा अर्थ," त्या म्हणाल्या, "मला वाचाय येत न्हाई."

 पाळकसाहेबांनी मान खाली घातली. लीलाबाईंना वाटलं, आता कुणीतरी फिदकन हसेल. कुणी हसलं नाही.

"कुनाचं नाव हाय कळंना," त्या पुढं म्हणाल्या. आता बांध फुटलाच होता. "इचारायची लाज वाटली. म्हटलं, समद्यांचंच करावं, म्हंजे एखादं ऱ्हायचं न्हाई."

क्रांतीच्या हातातली यादी खाली आली. तिला हिशेब लागत होता, आणि लागेल तसा तिचा चेहरा उतरत होता. "म्हणजे मावशी, आमच्या प्रत्येकासाठी तुम्ही होतात. आणि तुमच्यासाठी पाच दिवस कुणीच नव्हतं."

"मला काय कराय लागतंय गं, पोरी," लीलाबाई म्हणाल्या. पण ते नेहमीसारखं ठसक्यात आलं नाही. एक्केचाळिसावी भाकरी त्यांना आठवली. पाच दिवस जी बिननावाची तव्यावर पडत होती, तिचं नाव पदराच्या गाठीतच होतं.

"मावशी," सुवार्ता म्हणाली, "ज्याची चिठ्ठी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आसतोय. नियम हाय."

आता कुणीतरी हसलं, आणि लीलाबाईही हसल्या. लाडवाच्या तुपानं अजून ओशट असलेला हात त्यांनी उचलला आणि आपल्याच डोक्यावर ठेवला. डोळे मिटले. चाळीस जणांसाठी काय मागायचं ते त्यांना न अडखळता आलं होतं. स्वतःसाठी काय मागायचं, ते काही केल्या सुचेना. मागायचा सरावच नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या हातावर एक छोटा हात येऊन बसला. मग दुसरा. मग पोरं रेटारेटी करत पुढं आली. डोक्यावर जागा उरली नाही, तेव्हा कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी दंड धरला, आणि शिवतेजच्या वाट्याला काहीच आलं नाही म्हणून त्यानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. सगळ्यांच्या मागून, शिट्टी बाजूला सारून, क्रांतीचा हात आला.

"देवा," लीलाबाई म्हणाल्या, "ही लीलाबाई. हिचं नाव ऱ्हाऊनच गेलं हुतं बघ."

"आमेन," पोरं म्हणाली. आणि दारातून, सौद्यात ऐकू जाईल अशा आवाजात, रहिमानभाई म्हणाले, "आमीन!"