लागू नाही

चार महिने झाले, आमचे हे बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतात. भांडण नाही, काही नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रिपोर्ट चांगले आले आणि घरी आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात ह्यांनी आपली उशी उचलली. "कपडे ओले होतात, तुला कशाला त्रास," म्हणाले. जशी काही मी चादरी धुताना कधी कुरकुर केली होती! खरं कारण मला ठाऊक होतं. एकदा जवळ आले, काही जमलं नाही. तेव्हापासून खांद्यावर हात ठेवला तरी दचकतात.

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. नुसत्या आवाजावरून सांगतो कुठे बिघडलंय. स्वतःचं बिघडलं तर तोंडाला कुलूप.

परवाच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "उत्तम! आता सहा महिन्यांनी या."

"आणि बाकीचं?" मी विचारलं. ह्यांनी माझी बाही ओढली.

"बाकीचं म्हणजे?"

"नवराबायकोचं."

माझ्या भाच्याच्या वयाचा डॉक्टर. नजर कॉम्प्युटरवर ठेवून म्हणाला, "काकू, जीव वाचला ना? आता या वयात..."

"कुणाच्या वयात? हे एकोणसाठचे, मी बावन्नची. मला विचारलंत?"

त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बाहेर येऊन रिपोर्ट फाइलमध्ये लावताना एक गुलाबी कागद हाताला लागला. 'ऑपरेशननंतरचं वैवाहिक जीवन आणि व्यायाम : सल्ला हवा का?' खाली तीन चौकोन. हो, नाही, लागू नाही. तिसऱ्यात ठसठशीत बरोबरची खूण. तारीख ऑपरेशनच्या वीस दिवस आधीची.

मी टेबलावरच्या सिस्टरांना विचारलं, "ही खूण कुणी केली?"

"आम्हीच. पंचावन्नच्या वरच्या सगळ्यांना तीच करतो."

"न विचारता?"

"लाजतात हो पुरुष. कशाला अवघडून टाकायचं?"

"जेवणात मीठ किती हवं ते दोनदा विचारलंत. चपलेचा नंबरसुद्धा लिहिलाय इथे! आणि हे तेवढं तुम्हीच ठरवलंत?"

रांगेतले लोक बघायला लागले. बघू देत. मी त्यांचंच पेन उचलून ती खूण खोडली आणि 'हो'वर दुसरी केली.

"असं चालत नाही, काकू. पेशंटची सही लागते."

मी कागद ह्यांच्यासमोर धरला. आता नाही म्हणाले असते तर तो सोफा जन्माचा झाला असता. त्यांनी चष्मा चढवला. कागद वाचला, मग तारीख वाचली.

"हा आधी का नाही दाखवला?" लिफ्टला चुकीचा दोर लावणाऱ्या कंत्राटदाराशी बोलतात तो आवाज. चार महिन्यांनी ऐकला मी. "दोर तुटल्यावर ब्रेक तपासता का तुम्ही?"

आणि सही केली.

व्यायामाची खोली तळमजल्यावर, स्टोअरच्या शेजारी. आत फिजिओथेरपिस्ट एकटाच बसलेला. "ऑपरेशनच्या आधीच यायचं असतं," तो हळहळला. "वरून कुणी पाठवतच नाही हो." मग समजावलं. लघवी मधेच अडवताना जे स्नायू आवळतात ते आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. बाकीच्यासाठी गोळ्या आहेत, उपकरणं आहेत, बोलायला वेगळ्या डॉक्टर आहेत. पण दोघांनी यायचं. "आणि स्नायू आवळताना लिफ्ट वर नेताय असं समजा."

"सोडताना धाडकन सोडायची नाही," हे म्हणाले. "मजल्यामजल्याने उतरवायची."

"काका, तुम्हीच शिकवा आता!"

बाहेर पडलो तर रांगेतले एक गृहस्थ फाइल छातीशी धरून दाराशी उभे. हळूच म्हणाले, "तो गुलाबी कागद... कुठे असतो?"

ह्यांनी त्यांची फाइल घेतली, पानं उलटली. तिसऱ्या चौकोनात तशीच खूण. "या," म्हणाले, आणि त्यांना घेऊन सिस्टरांच्या टेबलाकडे तरातरा निघाले.

घरी आल्यावर उशी मात्र आत आणली नाही. माणूस एका दिवसात थोडाच बदलतो? मीच माझी उशी सोफ्याकडे नेली.

"दोघं मावणार नाही गं."

"सरका," म्हटलं.