दहावी सही

माझ्या बहिणीने विधानसभेला उभं राहायचं ठरवलं तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. सव्वीस वर्षं इस्पितळात बाळंतपणं केलेली, नाकासमोर चालणारी बाई. आणि समोर साहेब. गेल्या दोन निवडणुकांत त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नव्हतं. बिनविरोध निवडून यायची त्यांना चटक लागली होती. पण ताई हट्टी. बाळंतिणींच्या वॉर्डाचं छत कोसळलं, तीन वर्षं अर्जविनंत्या करून कुणी हललं नाही, तेव्हा तिने राजीनामा दिला आणि उमेदवारीचा अर्ज आणला.

अपक्षाच्या अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागतात. एक जरी खोटी निघाली तरी अर्ज बाद. लोक ताईला दारात बघून हसून आत बोलवायचे, आणि कागद दिसला की आतल्या खोलीत चष्मा शोधायला जायचे ते बाहेर येतच नसत. माझं चष्म्याचं दुकान आहे. त्यातल्या निम्म्यांना चष्माच नाही हे मी शपथेवर सांगतो. शेवटी बेकरीवाला, शिंपीणबाई, नळवाला, निवृत्त पोस्टमन असे करत नऊ जण जमले. दहावा मी. "तू घरचा, तुझी काय काळजी," म्हणत तिने माझी सही सगळ्यांत शेवटी घेतली, माझ्याच काउंटरवर.

अर्ज भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ दुकानात आले. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. साहेबांच्या गाडीत पुढच्या सीटवर मी त्यांना पाहिलं होतं. चष्मा घसरतो म्हणाले. मी नाकावरची रबरं बदलली, दांड्या गरम करून कानामागे नीट वळवल्या. त्यांनी आरशात बघितलं.

"छान बसला. पण तुमच्या लेकीकडेही बघा हो. चष्मेवाल्याच्या पोरीला दिसू नये म्हणजे कमालच!"

"तिला काय झालंय?"

"पाचव्या बाकावरून फळा वाचताना डोळे बारीक करते. मी बाईंना सांगितलंय, पहिल्या बाकावर बसवा. खिडकीजवळ. येतो."

ही धमकी नव्हतीच. पोलिसांत जाऊन सांगणार काय, माझ्या मुलीला चांगली जागा मिळाली म्हणून? माझ्या हातून एवढासा स्क्रू पडला होता, तो मी दुपारपर्यंत जमिनीवर गुडघे टेकून शोधत होतो.

संध्याकाळी चिमी दप्तर फेकतच ओरडली, "बाबा, मला पहिल्या बाकावर बसवलं! खिडकीजवळ!" मी तिला दुकानात नेऊन तिचे डोळे तपासले. नंबर खरंच वाढला होता. त्या गृहस्थाने खरं सांगितलं होतं, याचीच मला जास्त भीती वाटली.

ताईला मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने तिथल्या तिथे अर्ज मागे घेतला असता. तो माझ्यापायी मागे गेला असं व्हायला नको होतं. भित्र्या माणसालाही मोठेपणा हवाच असतो.

छाननीच्या दिवशी साहेबांच्या वकिलाने हरकत घेतली, सगळ्या सह्या बनावट आहेत. निवडणूक अधिकाऱ्याने दहाही जणांना बोलावलं. लाकडी बाकावर आम्ही ओळीने बसलो. मला वाटलं होतं, बेकरीवाला पहिल्या झटक्यात माघार घेईल. त्याच्या भट्टीची आठवड्यात तीनदा तपासणी झाली होती. पण तो टेबलाशी गेला आणि म्हणाला, "माझीच सही." शिंपीणबाईही म्हणाल्या, "माझीच." एकेक करून नऊ जण उठले, नऊही जण टिकले. ताईचे डोळे भरून आले. मला मनातून लाज वाटली, मी यांना काय समजत होतो!

माझं नाव पुकारलं जाणार इतक्यात ते गृहस्थ शेजारी येऊन बसले. चष्मा अगदी नीट बसला होता.

"शाळा आज बारालाच सोडताहेत, नळाला पाणी नाही," ते हळूच म्हणाले. "तुम्ही इथे अडकलात. काळजी नको, आमची गाडी उभी आहे फाटकाशी. सोडेल तिला."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

अधिकाऱ्याने कागद माझ्यासमोर सरकवला. "ही सही तुमची?"

"नाही," मी म्हणालो.

अधिकाऱ्याने चष्म्यावरून बघितलं. "विचार करून बोला. तुमची नसेल तर बनावट सहीचा गुन्हा उमेदवारावर दाखल होईल. आणि तुमची असून नाही म्हणत असाल, तर तुमच्यावर."

मी मान खाली घातली. ताई खुर्ची सरकवून माझ्याजवळ आली. माझी सही ती झोपेतही ओळखेल. माझ्या मुळाक्षरांची पाटी तिनेच हात धरून भरून घेतली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाकावरच्या त्या गृहस्थाकडे.

"धाकट्या, चिमी कुठे आहे?"

"शाळेत," मी म्हणालो.

तिला तेवढं पुरलं. ती अधिकाऱ्याकडे वळली. "त्याची नाही. मी केली ती सही."

"ताई..."

"तू जा. आधी तिला घरी घेऊन ये." दारातला पोलीस तिच्याकडे निघाला होता.

मी धावत सुटलो. शाळेचं फाटक बंद होतं, बाहेर गाडी नव्हती. अंगणातल्या नळाला भरपूर पाणी होतं, शिपाई झाडांना घालत होता. लवकर कशाला सुटेल शाळा, त्याने विचारलं. मी तिथेच भिंतीला धरून उभा राहिलो आणि रडलो.

खिडकीतून चिमीने मला पाहिलं आणि हात हलवला. मधल्या सुट्टीत धावत येऊन तिने विचारलं, "बाबा, आत्या निवडून येणार ना?"

"अजून मतदान व्हायचंय, बाळा," मी म्हणालो.