दोष फेकीचा नव्हता

"लग्न झालं की मुलींचं खेळातलं लक्ष उडतं, दुसरं काय!" जेवता जेवता धाकट्याने पुन्हा तेच सुनावलं आणि आईने मान डोलावली.

ज्या मुलीबद्दल हे चाललं होतं ती, म्हणजे धाकट्याची बायको, समोरच बसून ताटातलं चिवडत होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. शहराच्या महिला बेसबॉल संघाची ती पहिल्या पसंतीची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, होती. तिचा उजवा हात फिरला की भल्याभल्या फलंदाज बॅट हवेत फिरवून परत जात. पण अलीकडे तिचा चेंडू भलतीकडेच जाऊ लागला होता. कधी डोक्यावरून, कधी बाहेरून!

धाकटा आता थोरल्याकडे वळला. "दादा, उद्या निवड आहे ना? तिचं तंत्र बिघडलंय असं सरळ लिहून दे. घरची म्हणून सांभाळून घेऊ नकोस. चार दिवस घरी बसली की डोकं ठिकाणावर येईल."

"बघतो," थोरला म्हणाला.

बघणं हाच त्याचा व्यवसाय होता. तो धाकटीच्या संघाच्याच क्लबात कामाला होता. खेळाडूंचं चित्रीकरण करायचं, ते संगणकावर सावकाश फिरवायचं आणि कुणाचं पाऊल कुठे चुकतं, कुणाचा खांदा कधी बाहेर वळतो ते हुडकून काढायचं. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, असा त्याचा लौकिक होता. घरी मात्र हीच नजर तो बाजूला काढून ठेवी. धाकट्याचा संसार वरच्या मजल्यावर होता. रात्री वरून काही पडल्याचा, कुणी दबकं ओरडल्याचा आवाज आला, की थोरला मुकाट्याने टीव्हीचा आवाज वाढवी. नवराबायकोचं भांडण, आपण कशाला नाक खुपसा!

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबातल्या खोलीत त्याने दोन पडदे शेजारी शेजारी लावले. एकावर धाकटीची गेल्या मोसमातली फेक, दुसऱ्यावर कालची. जुन्या फेकीत डावा पाय वर उचलला जायचा, लांब पाऊल पडायचं आणि त्याच वेळी हातमोजा घातलेला डावा हात फलंदाजाच्या दिशेने सरळ पुढे यायचा. मग तो हात छातीशी ओढला, की अख्खं धड फिरायचं आणि उजवा हात चाबकासारखा सुटायचा. कालच्या फेकीत पाय तोच, पाऊल तेच, पण डावा हात बरगड्यांना चिकटलेला. त्यामुळे खांदा वेळेआधीच बाहेर वळत होता, धडाचा जोर मिळत नव्हता आणि सगळा भार एकट्या उजव्या हातावर पडत होता.

"सापडलं!" संघाच्या प्रशिक्षिका आत आल्या तसा तो म्हणाला. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. "डावा हात पुढे येत नाही, बाई. तंत्राचा दोष आहे."

बाई पडद्याजवळ गेल्या. "हात येत नाही ते मलाही दिसतंय. का येत नाही?"

"सवय लागली असेल."

"इतकी वर्षं चांगली असलेली फेक कुणी सवयीने बिघडवतं का रे? जा, मैदानावर तिच्याजवळ उभा राहून बघ. मग सांग मला."

मैदानावर धाकटी एकटीच जाळ्यात चेंडू फेकत होती. थोरला तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. "हा हात जरा वर घे बघू, असा," असं म्हणत त्याने दाखवायला स्वतःचा हात पटकन उचलला.

धाकटीने डोकं खाली घातलं, दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि अंग चोरून ती मागे सरली!

थोरल्याचा हात तसाच हवेत राहिला. मग तो त्याने हळूच, फार हळूच खाली घेतला.

"कुठे लागलंय?" त्याने विचारलं.

"कुठे काय? काही नाही."

"धाकटे, मी फेक बघितली आहे तुझी."

तिने आजूबाजूला पाहिलं आणि डाव्या बरगडीवर हलकेच तळवा ठेवला. "दादा, तुमच्या पाया पडते, तंत्र बिघडलंय म्हणून लिहून टाका. मी घरी बसले की ते शांत होतील. हे बाहेर कळलं तर..."

थोरला खोलीत परतला. त्याने बाईंना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "पण बाई, ही घरातली गोष्ट आहे. माझा सख्खा भाऊ आहे तो. मी मधे कसा पडू?"

"मोडली असेल ती बरगडी कुणाची आहे?" बाईंनी शांतपणे विचारलं. "तुझ्या घराची, की तिची? रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने तिला मारलं असतं, तर तू धावला असतास. मारणारा आपला आहे म्हणून मार कमी लागतो का? तू गप्प बसलास की त्याला वाटतं, दादाची हरकत नाही. आणि तिला काय वाटत असेल? खाली माणसं आहेत, त्यांना ऐकू येतंय, आणि तरी कुणी वर येत नाही!"

इतक्यात फाटकाबाहेर मोटरसायकलचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. धाकटा बायकोला न्यायला आला होता. मैदानावर धाकटीने घाईघाईने पिशवी उचलली आणि ती फाटकाकडे चालू लागली.

थोरला धावत तिच्यापुढे गेला. "ती आज घरी येणार नाही," तो फाटकात उभा राहून म्हणाला. "आधी दवाखान्यात जाणार आहे."

धाकट्याचा चेहरा उतरला, आणि लगेच लाल झाला. "कुणी काय भरवलं तुला? दादा, माझ्या बायकोच्या आणि माझ्या मधे येऊ नकोस!"

"आलोय. फार उशिरा आलोय."

धाकटा गाडीवरून उतरून तरातरा पुढे आला. थोरला हलला नाही. मागून बाई आल्या, त्यांच्या मागून एकेक करत संघातल्या मुली येऊन उभ्या राहिल्या. धाकटा थांबला. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, आईला सांगतो म्हणून धमकावलं आणि गाडी वळवली. थोरल्याने धाकटीला विचारलं, "तुझी काय इच्छा आहे? तू म्हणशील तसंच होईल."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तक्रार करायची आहे."

दवाखान्यात बरगडीला तडा निघाला. तिथून ते पोलीस ठाण्यात गेले. थोरल्याचा फोन गेल्यावर मागोमाग आईही येऊन पोहोचली ती तणतणतच. "अब्रू चव्हाट्यावर मांडलीत! मोठा भाऊ ना तू?" महिला अधिकाऱ्याने विचारलं, "घरातल्या कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?" थोरला म्हणाला, "मी ऐकलंय. पाहिलं नाही." आई भिंतीकडे बघत राहिली.

उकाडा होता. धाकटीचे मोकळे केस मानेला चिकटले होते. ते बांधायला तिने हात वर न्यायचा प्रयत्न केला, पण डावा हात अर्ध्यावरच अडला आणि ती कळवळली. आई नकळत उठली. सुनेचे केस दोन्ही हातांत गोळा करून तिने वर धरले, आणि मानेवरचे हिरवेनिळे वळ तिच्या डोळ्यांसमोर आले.

"लिहून घ्या," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "मी पाहिलंय. एकदा नव्हे, कितीदा तरी. माझ्याच मुलाने मारलंय."

धाकटी त्या मोसमात खेळली नाही. बाईंच्या ओळखीने मिळालेल्या खोलीत ती वेगळी राहू लागली. आई तिला भेटायला जाते. दर वेळी दार उघडतंच असं नाही. धाकट्यावर खटला चालू आहे, आणि आई व थोरला दोघंही त्यात साक्ष देणार आहेत.

वाचकहो, मारणारा हात एकाच माणसाचा असतो, पण त्याला बळ पुरवतं ते आसपासच्या सगळ्यांचं मौन. भिंतीपलीकडून आवाज आला तर उठा आणि दार वाजवा. आत आपलाच माणूस असेल, तर आधी उठा!