धाकट्या जावेच्या तळघरातली देवी

सक्करदऱ्यात गर्दी उसळली होती, पण माझ्या दारात नव्हे. शेजारी, माझ्या धाकट्या जावेच्या दारात. प्रेमलताच्या तळघरात भिंतीवर देवी उमटली होती! काळे केस मोकळे, अंगाला घाम. मी जळून कोळसा झाले. दोन्ही घरं एकाच मिस्त्रीनं बांधलेली. मग देवी तिच्याकडेच काहून?

"पुण्याई लागते, माई," तिच्या तळघरात ठाण मांडून बसलेले गुप्तनाथ महाराज म्हणाले. "देवी श्वास घेऊन राहिली. झरोका उघडाल तर निघून जाईल! हा घाम जिभेवर घ्या, औषधं फेका."

दम्याच्या आमच्या सासूबाई! औषध सोडून देवीपाशीच अंथरूण टाकलं. इतकी वर्षं काढे मी उकळले, आणि आता धापा टाकायच्या त्या प्रेमलताच्या मांडीवर. रात्रंदिवस तो खोकला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. माझा नुसता संताप व्हायचा.

ठरवलं, आपणही देवी आणायचीच. प्रेमलतानं उन्हाळ्यासाठी भिंतीला थर्माकोल लावून वर प्लायवूड ठोकलं होतं, झरोके बुजवून कूलर लावला होता. माझ्या तळघराची भिंत उघडी, कोरडी ठाक. तेवढाच फरक. मीही तस्संच केलं.

पावसाळ्याच्या आत माझ्याकडेही देवी आली, तिच्याहून मोठी! आनंदानं हात लावला, तर बोट काळं, वास कुजक्या पोत्याचा. प्लायवूड उचकटलं. मागं भिंत ओलीगच्च. कूलरची दमट हवा फटींतून शिरून गार भिंतीवर पाणी झाली होती, वाळायला वाराच नव्हता. बुरशी, दुसरं काय!

तडक शेजारी गेले आणि भरल्या गर्दीत तिचं प्लायवूड ओढलं.

"उत्तराबाई, पाप लागन!" प्रेमलता किंचाळली.

"कायचं पाप वं? माह्याही घरी आली हे देवी. चाल, दाखवतो."

"तुझी खोटी!" महाराज गरजले.

"मग खरीचा घाम तुम्हीच चाटा, महाराज."

महाराजांनी तोंड फिरवलं. सासूबाईंनी फळीवर बोट फिरवून हुंगलं. "म्हणजे हे बुरशी मी छातीत भरून राहिली होती काय वं?"

फळ्या निघाल्या, औषध सुरू झालं, सासूबाईंची धाप थांबली. पण राहिल्या त्या प्रेमलताकडेच. म्हणे तिचा चहा चांगला. ती आग अजून विझली नाही.

महाराज एवढं मात्र खरं बोलले होते: झरोका उघडला आणि देवी निघून गेली. तुमच्याही भिंतीवर कोणी उमटलं, तर बाबांनो, हात जोडायच्या आधी एकदा हात लावून पाहा.