यादीतलं दुसरं नाव

"म्हंजे तू आज खेळत नाई?" रुखमाने डब्याचं झाकण अर्धवट उघडून तसंच ठेवलं.

"पक्कं नाई, आई. कोणी माघार घेतली तं खेळीन."

"अन् नाई घेतली तं?"

"तं बसून राहीन."

राजुऱ्याहून जीप भरून माणसं आली होती. दिव्यानी दुर्गे पंधरा वर्षं टेनिसच्या स्पर्धा खेळत होती. पण ते सगळं इंदूरला, सोलापूरला, गुरुग्रामला. घरच्यांनी तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. यंदा पहिल्यांदाच चंद्रपुरात व्यावसायिक स्पर्धा भरली, म्हणून तिच्या वडिलांनी, बापूरावांनी, कोळसा खाणीच्या वसाहतीतले सात-आठ जण गोळा करून आणले. आणि दिव्यानी कालच, पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात, एका सोळा वर्षांच्या मुलीकडून हरली होती. फोन करून तसं सांगणं तिच्या जिवावर आलं होतं.

"काल हरलेल्या मुलींची यादी असते," ती सगळ्यांना समजावू लागली. "मोठ्या फेरीतून कोणी गळाली, का यादीतल्या पहिलीले घेतात. माहं नाव दुसरं हाय. लकी लूजर म्हणतात त्याले."

"लकी बी अन् लूजर बी?" शेजारचे वारलूभाऊ खो खो हसले. "हे मस्त हाय!"

दिव्यानीही हसली. अठ्ठाविसाव्या वर्षी त्या शब्दाचं तिला काही वाटेनासं झालं होतं. जगाच्या क्रमवारीत तिने गाठलेला सर्वांत वरचा क्रमांक एक हजार सव्वीस. तो आठ महिने टिकला. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेलं आणि क्रमवारीतून तिचं नावच गेलं. तिने पुन्हा पात्रता फेऱ्यांपासून सुरुवात केली होती.

अकराच्या सुमारास एकीचा घोटा मुरगळल्याची बातमी आली. यादीतली पहिली मुलगी उड्या मारत आत गेली. आता दिव्यानीचं नाव सर्वांत वर होतं आणि पहिल्या फेरीचे तीनच सामने उरले होते.

एक वाजला तशी जीपवाल्याने घाई सुरू केली. त्याला संध्याकाळी लग्नाची वऱ्हाडी मंडळी न्यायची होती. एप्रिलचं ऊन नुसतं पोळत होतं आणि आलेल्या माणसांचाही दम संपला होता.

"चाल आमच्यासंगं," रुखमा म्हणाली. "हारली तं हारली. घरी दोन घास सुखानं खाशील."

"शेवटचा सामना सुरू होईपर्यंत हलता नाई येत, आई. हाक मारली अन् मी नसली, तं पुढच्या मुलीले देतात."

"कोणी बिमार पडावं म्हणून वाट पाहून राह्यली काय तू?"

"कोणी पडो का न पडो. आपण तयार पाह्यजे."

रुखमाने डबा तिच्या बॅगेजवळ ठेवला आणि मागे न बघता जीपकडे निघाली.

"तुमी व्हा पुढं," बापूराव म्हणाले. "मी येतो बसनं."

तीस वर्षं खाणीत डंपर चालवलेल्या माणसाला पाळीची वाट पाहणं नवीन नव्हतं. ते भिंतीच्या सावलीला बसले आणि लेकीकडे बघत राहिले. दर अर्ध्या तासाने ती उठायची, शेडमागे जाऊन दोरीवरच्या उड्या मारायची, गुडघ्याचा पट्टा आवळायची, परत येऊन बसायची. वसाहतीतल्या ऑफिसर क्लबच्या मागच्या भिंतीवर नऊ वर्षांची ही पोर चेंडू बडवायची, तेव्हा त्यांना वाटलं होतं, दहावीपर्यंत निघेल खूळ.

साडेतीनला पंच घाईघाईने बाहेर आले. "दुर्गे! दुर्गे किधर है?"

शेवटच्या सामन्यातली एक मुलगी उन्हाने ओकत होती.

दिव्यानी उभी राहिली. समोर चौथ्या मानांकनाची, हरियाणाची उंच मुलगी होती. तिने पहिला सेट पंचवीस मिनिटांत सहा-एक असा गुंडाळला. पण प्रत्येक गुणानंतर ती मागच्या चिंचोळ्या सावलीत जाते आणि दरवेळी थोडी जास्त थांबते, हे दिव्यानीच्या लक्षात आलं. मग तिने जोर सोडला. उंच, खोल चेंडू, एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या. राजुऱ्याच्या उन्हात वाढलेली ती. तिला कसली घाई? बापूरावांना कळेना कधी टाळ्या वाजवायच्या. त्यांनी चेंडू बाहेर गेल्यावर वाजवल्या, लोक वळून बघू लागले, तेव्हा त्यांनी हात काखेत दाबून ठेवले.

दुसरा सेट दिव्यानीने सहा-चार घेतला. तिसऱ्यात पाच-पाच झाले आणि गुडघा बोलू लागला. ती तरीही प्रत्येक चेंडूमागे गेली. शेवटचा चेंडू चार बोटं बाहेर पडला. सात-पाच.

हरियाणाची मुलगी जाळीपाशी मटकन खाली बसली. उठून हात मिळवताना म्हणाली, "दीदी, आपने तो मार ही डाला आज."

बाहेर येऊन दिव्यानीने पाय बाकावर लांब केला. बापूरावांनी बर्फाची पिशवी आणून तिच्या गुडघ्यावर धरली.

"जितली ना?"

"नाई, बाबा. हारली."

"ती पोरगी तं खाली बसली होती."

"तरी तीच जितली."

"आता पुढं कुठी?"

"सोलापूर. रविवारपासून."

"गुडघा?"

"चार दिवस हायेत ना."

बापूरावांनी मान हलवली. शेजारच्या कोर्टवर दुहेरीचा सामना सुरू झाला होता. ते डोळे बारीक करून पाहू लागले.

"मले एक सांग. पंधरा झाले, मंग तीस. तीसच्या मागं पंचेचाळीस पाह्यजे. चाळीसच काऊन?"

दिव्यानीला हसू आलं. पंधरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"ते कोणालेच धड मालूम नाई."

"मंग जे मालूम हाय, ते सांग. पयल्यापासून."

"ते पाहा, पिवळ्या टोपीवाली सर्व्हिस करून राह्यली..." ती सांगू लागली. पिशवीतला बर्फ वितळून पाणी बापूरावांच्या मनगटावरून बाहीत उतरत होतं. त्यांनी हात हलवला नाही.