किसनने माझा ॲक्सल उघडला तेव्हा

मित्रांनो, अबुधाबीच्या वाळूत जिचे आयुष्य गेले अशी एक जुनी फोर-बाय-फोर गाडी तुमच्याशी बोलते आहे. माझ्या पुढच्या दोन चाकांना जोडणारी जी जाड लोखंडी नळी खालून दिसते, तिला ॲक्सल म्हणतात. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे जे घडले, ते या नळीत घडले. म्हणून तेवढेच सांगते.

१९८५ साली मी जहाजातून इथे आले. जमिनीची मोजणी करणाऱ्या एका कंपनीने मला घेतले आणि दगडूच्या हाती दिले. दगडू गुहागरकडचा. रोज सकाळी किल्ली लावण्याआधी तो माझ्याभोवती एक फेरी मारायचा, वाकून खाली बघायचा आणि मगच बसायचा. नवी होते तेव्हा ऑफिसातले लोक माझे कौतुक करत, माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. पुढे ते थांबले. दगडूची फेरी थांबली नाही.

माझी दुरुस्ती किसनकडे असे. तो खटाव तालुक्यातला, अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात कंपनीचे वर्कशॉप होते, तिथला मुख्य मेकॅनिक. बोलणे कमी, काम स्वच्छ.

१९९४ मध्ये त्याने माझा ॲक्सल एकदा उघडला होता. नळीच्या टोकाशी एक रबरी कडे असते, त्याला सील म्हणतात. आतले पातळ तेल आतच ठेवायचे, चाकाजवळच्या सांध्यातल्या घट्ट ग्रीसमध्ये मिसळू द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. किसनने डाव्या बाजूचे सील स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढले. त्याच्या कडेला एक खोल ओरखडा पडला. पण स्टोअरमध्ये नवीन सील नव्हते आणि दुसऱ्या दिवशी मला कामावर जायचे होते. किसनने जुनेच सील डिझेलमध्ये धुतले आणि परत बसवले.

"नवीन आलं की बदलू," तो स्वतःशीच म्हणाला.

नवीन सील आले. तोवर दुसऱ्या गाड्यांची रांग लागली होती. तो विसरला की टाळत गेला, ते मला सांगता येणार नाही.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये, वाळवंटातल्या लिवा या वस्तीच्या अलीकडे, भर दुपारी माझा डावा सांधा तुटला. पुढच्या चाकांची ओढ गेली आणि मी मऊ वाळूत रुतले. दगडूबरोबर क्रिस्टोफर नावाचे सर्व्हेअर होते. दोघे माझ्या सावलीत सहा तास पडून राहिले. दगडूने आपल्या वाट्याचे पाणी क्रिस्टोफरना पाजले. दुसरी गाडी शोधत आली तेव्हा क्रिस्टोफर शुद्धीवर नव्हते. चार दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते.

कंपनीच्या गाड्यांचा कारभार वसईचे कॅस्मिर बघत. त्यांनी दगडूला वर्कशॉपमध्ये बोलावले.

"मॅनेजमेंट विचारतंय, दगडू. रफ ड्रायव्हिंग केल्याशिवाय जॉइंट तुटतो का?"

"साहेब, अकरा वर्षं हीच गाडी चालवतोय. त्या दिवशी लो गिअरमध्ये हळू चाललो होतो."

"मला माहीत आहे रे. पण पेपरवर काय लिहू? किसन ॲक्सल खोलेल, त्याचा रिपोर्ट येईल. तुझी चूक निघाली तर खलास, व्हिसा कॅन्सल."

दगडू बाहेर एका टायरवर जाऊन बसला.

किसनने चाक काढले, चाकामागचा हब काढला, सांधा उघडला. आतून घट्ट ग्रीसऐवजी पातळ काळा ओघळ आला आणि त्यात सांध्याचे तुकडे. मग त्याने सील काढले आणि फडक्याने पुसले. कडेला ओरखडा होता. कचऱ्याचा ड्रम हाताच्या अंतरावर होता. त्या सीलबद्दल दुसऱ्या कोणाला काही माहीत नव्हते. मला माहीत होते, पण मला कोण विचारणार? किसन ते हातात धरून बराच वेळ उकिडवा बसला. मग उठून त्याने कॅस्मिरना हाक मारली.

"हे सील माझं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चौऱ्याण्णवला नवीन नव्हतं, म्हणून जुनंच धुऊन बसवलं. ही खूण माझ्या स्क्रूड्रायव्हरची. तेल ग्रीसमध्ये उतरलं, ग्रीस पातळ होऊन गळून गेलं, सांधा कोरडा चालला आणि तुटला. दगडूचा यात काही संबंध नाही."

"किसनभाऊ, हे मला लिहावं लागेल."

"लिहा. मी सही करतो."

दगडूने दारातून सगळे ऐकले होते. तो आत आला.

"क्रिस्टोफरसाहेब मेले असते, किसनभाऊ."

"हो," किसन म्हणाला.

दगडू खाली बसला आणि डिझेलच्या ट्रेमध्ये एकेक नट धुऊ लागला.

"असू दे. तुझं काम नाही ते."

"गाडी माझी आहे," दगडू म्हणाला.

तीन दिवस ते काम चालले. दोन्ही बाजूंना नवी सील, नवे सांधे, नवी बेअरिंग. किसनने ग्रीस बोटांनी दाबून दाबून भरले. चाक सैल नाही ना, फार आवळलेले नाही ना, ते स्प्रिंगच्या काट्याने ओढून पाहिले, आणि काटा दगडूलाही वाचायला लावला.

दगडूची नोकरी राहिली. किसनचे मुख्य मेकॅनिकपद गेले. दोन वर्षे त्याने दुसऱ्याच्या हाताखाली काम केले आणि मग तो गावी गेला. त्या दोन वर्षांत कॅस्मिर एवढेच सांगत, "ॲक्सल मात्र किसनभाऊंकडेच द्या."

२००३ मध्ये कंपनीने मला भंगारात काढले. यार्डाच्या कमरुद्दीनने सुटे भाग विकण्यासाठी माझा ॲक्सल उघडला, ग्रीस बोटावर घेऊन पाहिले, ते अजून घट्ट होते, आणि सगळे होते तसे परत बंद केले. "इसको पूरा ही बेचेंगे," तो म्हणाला. मी अजून तिथेच, रांगेत उभी आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वरून पुसून चकचकीत केले की आमची काळजी घेतली असे समजू नका. वाकून आत बघा. आणि आत तुमचीच चूक सापडली, तर ती ड्रममध्ये टाकू नका. बाहेर कोणीतरी टायरवर बसून वाट बघत असते.