जगनचं गाऱ्हाणं

आमची नात आकांक्षा हिचं लग्न झालं त्या साली, म्हणजे २०२३ ला, माझ्या धाकट्या भावाची, जगनची, शेवटची मॅच झाली. लग्न वैशाखात, मॅच दिवाळीनंतर.

जगन मिलच्या फुटबॉल टीमचा स्टॉपर होता. गोलकीपरच्या पुढे उभं राहायचं आणि कुणाला आत सोडायचं नाही, एवढंच काम. लोअर परळमध्ये त्याला भिंत म्हणायचे. मिल बंद पडली, पुढे गुडघे गेले, तेव्हा तो लालबागच्या नवतरुण क्लबचा मॅनेजर झाला. लग्न केलं नाही. क्लब हाच त्याचा संसार.

त्या साली शेवटची मॅच जिंकली तरच क्लब वरच्या डिव्हिजनला राहणार होता. बरोबरी झाली तरी खाली. आणि खाली गेलो तर क्लब बंद करायचा, असं कमिटीने ठरवून टाकलं होतं.

आम्ही कोकणातले. कामाला हात घालण्याआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतो. जगन दर मॅचला घालायचा. त्या दिवशीही तो गोलपोस्टपाशी नारळ घेऊन उभा राहिला. पोरं भोवती जमली.

“बा देवा म्हाराजा, आमच्या गोलात बॉल जावक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मालवणी न येणारी पोरंसुद्धा ओरडली.

“कोणाचो पाय मोडाक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नारळ फुटला. जिंकायचं मागायचं राहून गेलं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मॅच संपत आली तरी शून्य-शून्य. आमचा बॅक निलेश बॉल घेऊन पुढे सुटला. समोर मोकळं मैदान. जगन लाइनीवरून ओरडला, “निल्या, मागे ये! मागे कोण हाय?”

निलेश थांबला, वळला. बॉल पायातून गेला. जगनने तोंडावर हात ठेवला. थोड्या वेळाने शिट्टी झाली. शून्य-शून्यच.

वरळीचा दिनेश बूट काढता काढता म्हणाला, “काका, देवाने तुमचं ऐकलं की! बॉल आत गेलाच नाही. एक गोल पण मागायचा होता ना, तो काय नाय बोलला असता?”

दोघंतिघं हसले. जगनही हसला. मग गोलपोस्टला टेकून बसला, तो उठेना.

“चल रे, घराक जावया,” मी म्हणालो.

“दादा, माका मागूकच येना नाय. जल्मभर ह्या नको, ता नको, इतक्याच म्हणत इलंय.”

महिन्याभरात क्लबचा बोर्ड उतरला. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. पोरं दुसऱ्या क्लबांत गेली. निलेश दोनदा भेटायला आला, जगन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवण वाढलं की म्हणायचा, नको.

२०२४ साली, पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी, माझा भाऊ जगन वारला.